सतरंजीला कळलेली माणसं

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही जमिनीवर पसरलेले आहात आणि साठ-सत्तर माणसं तुमच्या अंगावर बसली आहेत. घोषणा वर कुठेतरी चालल्या आहेत. तुम्हाला कळतात ते फक्त त्यांचे गुडघे, टाचा आणि तळवे. मी, एक जुनी निळ्या पट्ट्यांची सतरंजी, असंच आयुष्य जगले.

श्यामरावांनी मला कोलकात्यात, एस्प्लनेडच्या फुटपाथवर विकत घेतलं. बँकेतल्या बदलीने ते तिथे आले आणि पथनाट्यवाल्यांत रमले. बराकपूरच्या एका बंद गिरणीच्या फाटकाबाहेर मी कितीतरी संध्याकाळी अंथरली गेले. नाटकातला मेलेला कामगार श्यामरावच होत. ते निपचित पडले, की बघणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावत. खरे कामगार धरण्याला बसत, तेव्हा पळणार कोण हे मला आधी कळे. त्याची टाच उचललेली असे. बसून राहणाऱ्याचं वजन मात्र खाली खाली उतरे. त्या वजनाची मला अजून आठवण येते.

पुढे श्यामराव थकले. सॉल्ट लेक कॉलनीतल्या घरात मी पलंगाखाली गेले, तीही ओलसरच. माझी एक कड कुजली. म्हणून सांगते मित्रांनो, सतरंजी गुंडाळण्याआधी तिला ऊन दाखवत जा.

यंदा कॉलनीतलं मुलांचं मैदान गाड्या लावायला द्यायचं ठरलं. मुलांनी मैदानाच्या फाटकातच नाटक करायचं ठरवलं आणि मला बाहेर काढलं. श्यामरावांची नात वैदेही चारचौघांत बोलताना अडखळते. म्हणून तिने मैदान व्हायचं, माझ्यावर नुसतं आडवं पडायचं. जमीन काय, कुणीही होतं, असं शेजारच्या कौस्तुभने तिला चिडवलंही.

"आजोबा, मला एक पण लाइन नाही," ती रुसून म्हणाली.

"मलाही कधी नव्हती," श्यामराव म्हणाले. "फक्त हसू नकोस. मी दोनदा हसलोय."

ती हसली नाही. नाटक संपलं, टाळ्या झाल्या आणि तेवढ्यात पहिली गाडी फाटकाशी आली. हॉर्न वाजताच मुलं पांगली. कौस्तुभ भिंतीला टेकून उभा राहिला. वैदेही उठून बसली आणि तिने मांडी घातली. ड्रायव्हरने काच खाली करून तिला बाजूला व्हायला सांगितलं.

ती थोडी डावीकडे सरकली, माझ्यावरची शेजारची जागा हाताने झटकली आणि कौस्तुभकडे बघत राहिली.