छपराची उंची वाढली

मित्रांनो, जरा मान वर करा. बोलते आहे ते मी, या घराचे जुने कौलारू छप्पर. एकदा भिंतींवर बसले की हलायचे नाही, अशी आम्हा छपरांची रीत. पण मी हलले आहे! नुसते हलले नाही, चांगले पुरुषभर वर गेले आहे. ते कसे, हे सांगायला मी केव्हाचे उतावीळ झाले आहे.

सुतारांनी मला जुळवले तेव्हा माझे आढे सरळसोट होते, वासे नवेकोरे आणि कौले लालभडक. येणारेजाणारे थांबून मला पाहत. पुढे मी ऊन सोसले, पाऊस झेलला, पण कधी गळले नाही. आणि जे गळत नाही, त्याच्याकडे कोण बघते? पन्हळीत पाला साचला, कौलांवर शेवाळ धरले. वर्षानुवर्षे कुणी साधी शिडीसुद्धा लावली नाही.

माझ्याखाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथे एक माणूस, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण राहत. आई गेल्यावर या बहिणीनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. ती कपडे शिवायची. मग घरात जुळ्या मुली जन्मल्या आणि ती सगळ्यांचीच आत्या झाली. मुली रांगू लागल्या तशी पाय ठेवायला जागा उरेना. आत्याने आपली खोली देऊन टाकली आणि शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या दारात आणले. एके सकाळी ती म्हणाली, "मी भाड्याची खोली बघितलीय. तिकडे राहते."

"ताई, तू कुठेही जायचं नाहीस," भाऊ म्हणाला.

"मग राहू कुठे? छपरावर?"

"छपराखालीच. छप्पर उचलू आणि मधे तुझी खोली काढू!"

आत्या हसत सुटली. माझी मात्र पाचावर धारण बसली. उचलणार म्हणजे मोडणारच, असे मला वाटले. मिस्त्री आले. त्यांनी वासे ठोकून पाहिले आणि म्हणाले, "लाकूड ठणठणीत आहे. अख्खंच वर घेऊ." ते ऐकून मी हरखून गेले!

कौले उतरवली, खालच्या फळ्या तेवढ्या राहिल्या. मी हलके झाले. चारही कोपऱ्यांत भक्कम टेकूंवर जॅक बसले आणि प्रत्येकाच्या दांड्याशी एकेक माणूस उभा राहिला. मिस्त्री ओरडले, "सगळे एकदम! हळू!" माझ्या अंगातून करकर आवाज गेला आणि भिंत व मी यांच्यात फट पडली. फटीतून ऊन थेट घरात उतरले. अहाहा! इतकी वर्षे पाठीवर घेतलेले ऊन मी पहिल्यांदा पोटाशी पाहिले.

तेवढ्यात एक कोपरा अडला. तीन वर गेले, चौथा जागचा हलेना. मी पिळवटले. "थांबा! तुळई फाटेल!" मिस्त्री ओरडले. आपला दांडा सोडून ते शिडीवर चढले. गिलाव्याखाली एक गंजकी लोखंडी पट्टी तुळईला भिंतीशी जखडून बसली होती. त्यांनी करवत मागवली आणि पट्टी कापली.

"मी इथून तुळई बघतो. या कोपऱ्याचा दांडा कोण धरेल?"

भावाची बायको दोन्ही मुलींना काखोटीला मारून अंगणात उभी होती. आत्याने पदर खोचला. "मी धरते. कधी थांबायचं तेवढं सांगा."

"ताई, जमेल?" भावाने दुसऱ्या कोपऱ्यातून विचारले.

"तुला उचलून वाढवलंय. हे काय जड आहे?"

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच दांडे फिरले. मी वर निघाले! थोडे उचलायचे, खाली ठोकळे सरकवायचे, पुन्हा उचलायचे. शेजारची झाडे माझ्या बरोबरीला आली. हव्या त्या उंचीला पोचल्यावर मिस्त्रींनी पातळी लावली आणि जोरात टाळी वाजवली. आत्या मात्र दांडा घट्ट धरून रडत होती.

पुढे माझ्याखाली भिंती चढल्या, जिना आला, खिडकी आली. आता तिथे आत्याचे मशीन दिवसभर खडखडते आणि जुळ्या मुली जिन्यावरून सारख्या वरखाली करतात.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मुकाट काम करणाऱ्याची विचारपूस करायला ते मोडायची वाट पाहू नका. मोठ्यांना सांगून पन्हळीतला पाला काढवून घ्या, फुटके कौल बदलायला लावा. छप्पर नीट राखले, तर ते घरातल्या आणखी एका माणसासाठी जागा करून देते.