किरेझीचे दात उमटलेली कासंडी

मी एक जुनी लाकडी कासंडी आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, हे काळवंडलेले, तडा गेलेले भांडे आता काय बोलणार! बोलणारच. इतकी वर्षे तोंड उघडे असून मुकी बसले, आता नाही बसणार. आणि माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. राग सोडावा, क्षमा करावी, असा उपदेश ज्यांना मला करायचा असेल, त्यांनी आधी माझी कहाणी ऐकावी आणि मग तोंड उघडावे.

माझा जन्म रवांडातल्या एका टेकडीवर झाला. लाल फुलांचा पांगारा तुम्ही पाहिला असेल. तशाच एका पांगाऱ्याच्या खोडातून एका म्हाताऱ्या कारागिराने मला कोरले, वर गवताचे विणलेले टोकदार झाकण बसवले. वेरेदियाना नावाची मुलगी लग्न होऊन गाहिमाच्या घरी निघाली, तेव्हा तिच्या आईने मला तिच्या हाती दिले.

आमच्याकडे दुधाच्या भांड्याचा मान मोठा. आम्हाला जमिनीवर टेकवत नाहीत. घरात आमची वेगळी मांडणी असते. आमच्यात दुधाशिवाय काही म्हणता काही ओतायचे नाही. रोज सुवासिक गवताच्या धुरावर आम्हाला धुपवतात, म्हणून आमच्या दुधाला तो वास येतो. पाहुण्याला दूध देताना घरच्या माणसाने आधी एक घोट घ्यायचा आणि मग भांडे पुढे करायचे. ज्याने एका कासंडीतून दूध प्यायले, त्याने त्या घराचे वाईट चिंतायचे नाही. हे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. लिहून ठेवावे लागेल इतकी माणसे घसरतील, असे कुणाला वाटले नव्हते.

गाहिमा आणि वेरेदियाना यांना एकच लेक, किरेझी. तिला दात येत होते तेव्हा ती हाताला लागेल ते चावायची. एकदा वेरेदियाना मला मांडीवर घेऊन बसली होती, तर पोरीने माझा काठच तोंडात धरला. पांगाऱ्याचे लाकूड मऊ. इवल्याशा चार खुणा काठावर उमटल्या. वेरेदियानाने धपाटा घालायला हात उचलला आणि तिला हसूच फुटले. गाहिमा म्हणाला, बरे झाले, आता ही कासंडी चोरीला गेली तरी ओळखता येईल. तेव्हा सगळे हसले होते.

कुंपणापलीकडे आझारियास राहायचा. एका वर्षी त्याची गाय मेली, तर गाहिमाने आपल्या गोठ्यातली कालवड त्याला दिली. पैसे घेतले नाहीत. आमच्याकडे एकाने दुसऱ्याला गाय दिली की दोघांचे नाते जुळते, आणि ते रक्ताच्या नात्यापेक्षा घट्ट मानतात. त्या दिवशी दोघेही माझ्यातून दूध प्यायले. तेव्हापासून आझारियास वेरेदियानाला वहिनी म्हणू लागला आणि किरेझीला खांद्यावर बसवून टेकडीभर मिरवू लागला.

मग १९९४ सालचा तो एप्रिल आला. गाहिमाचे घर तुत्सी जमातीचे, आझारियासचे हुतू. रेडिओवर दिवसभर तुत्सी माणसांना झुरळे म्हणत होते, आणि काल एकमेकांच्या गाई वळणारी माणसे ते ऐकत कोयत्यांना धार लावत होती. गाहिमाला चर्चच्या वाटेवर मारले. वेरेदियाना खाली पाणथळीत गेली होती, ती लव्हाळ्यात लपून राहिली. शाळेच्या निळ्या स्वेटरमधली किरेझी घरातच होती, माझ्या मांडणीखाली.

दार मोडून पहिला आत आला तो आझारियास. पुढचे मी सांगणार नाही. एवढेच सांगते, की त्याचा आवाज ऐकून ती आपण होऊन बाहेर आली. 'काका' म्हणाली. तिला वाटले, हा आपल्याला न्यायला आलाय.

जाताना त्याने मला काखोटीला मारून नेले. गाहिमाने दिलेली ती गायसुद्धा त्याच आठवड्यात कापून खाल्ली.

त्याच्या घरी माझे काय झाले, ऐकायचे आहे? त्याची बायको फेलिसिता हिने माझ्यात घेवडा भरला. दुधाच्या कासंडीत घेवडा! पुढे मीठ, आणि एकदा तर ज्वारीची दारू. कोपऱ्यात, जमिनीवर, कोंबड्यांच्या शेजारी मला ठेवले. मिठाने मला तडा गेला. त्याच कोपऱ्यातून मी आझारियासला बायकोशी बोलताना ऐकले. पोर केळीच्या बागेत पुरलीय, खताच्या खड्ड्याखाली, तिकडे कुदळ लावू नकोस, असे त्याने तिला बजावले. तेव्हापासून फेलिसिताने बागेच्या त्या कडेला पाय ठेवला नाही. पण ती बोलली नाही. बोलता येणारी ती गप्प राहिली, आणि मला सांगायचे होते तर मला वाचा नव्हती. माझ्या रागाचे मूळ इथे आहे.

मारणाऱ्यांचे राज्य गेले. आझारियासला तुरुंगात टाकले. काही वर्षांनी टेकडीवरचे लोक गवतावर बसून न्याय करू लागले. कैद्यांचे गुलाबी कपडे घातलेला आझारियास तिथे उभा राहिला आणि रडला. गाहिमाला मारणाऱ्यांत मी होतो, म्हणाला. घराकडे मात्र मी फिरकलोसुद्धा नाही, पोरीचे मला काही ठाऊक नाही, असेही म्हणाला. निम्मे खरे बोलणाऱ्याचे उरलेले निम्मे लोक खरेच धरून चालतात. त्याची शिक्षा कमी झाली आणि तो घरी आला.

इकडे वेरेदियाना दारोदार जाऊन एकच विचारत होती, माझ्या पोरीची हाडे कुठे आहेत. आणि ह्याच वेरेदियानाने एका रविवारी चर्चमध्ये उभे राहून सांगितले, की आझारियासला मी क्षमा केली आहे. द्वेष घेऊन गाय दोहायला बसले की गायसुद्धा पान्हा चोरते, प्रभू, हे ओझे आता तूच घे, असे ती म्हणाली. ही बातमी फेलिसिताने आणली तेव्हा मी संतापाने अशी तडकले असते, की घेवडा घरभर झाला असता! क्षमा? कुणाला? तो तर समोर बसून घेवडा निवडत होता.

मग गावच्या चर्चमध्ये नवे पाळक आले, पाळक एलिफाझ. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. त्यांनी क्षमेचा रविवार ठरवला. राजधानीतून पाहुणे येणार होते, कॅमेरे येणार होते. वेरेदियाना आणि आझारियास यांनी एका कासंडीतून दूध प्यावे, जुन्या रीतीने, असे पाळकांच्या मनात आले. पण आता घरोघरी प्लॅस्टिकची भांडी. लाकडी कासंडी कुणाकडे आहे, अशी विचारणा झाली, तर फेलिसिता अभिमानाने म्हणाली, आमच्याकडे आहे! तिने घेवडा उपसला, मला पुसले आणि चर्चमध्ये पाठवून दिले. ती लबाडी करत नव्हती. मी लुटीतली आहे, हे ती खरोखरच विसरली होती. चोरीची वस्तू घरात जुनी झाली, की चोराला ती वाडवडिलांची वाटू लागते.

तर असा तो सोहळा. पांढऱ्या खुर्च्यांवर पाहुणे, पुढे गाणारी मुले, आणि मध्ये ती दोघे. माझ्यात काठोकाठ दूध भरले होते. किती वर्षांनी दूध! पण मला त्याचा आनंद झाला नाही. पाळकांनी मला वेरेदियानाच्या हातात दिले आणि सांगितले, आधी तुम्ही घोट घ्या, मग आपल्या भावाला द्या.

तिने मला तोंडाशी नेले आणि ती थांबली. दुधाला घेवड्याचा वास येत होता. तिने नाक मुरडले, मग तिचे बोट सवयीने माझ्या काठावरून फिरले. फिरता फिरता एका जागी थबकले. पुन्हा फिरले, पुन्हा तिथेच थांबले.

"आझारियास," ती हळूच म्हणाली, "ही कासंडी कुठली रे?"

"घरातलीच आहे, वहिनी. जुनी आहे."

"कुणाच्या घरातली?"

गाणारी मुले गायची थांबली. पाळक पुढे होऊन तिच्या कानाशी म्हणाले, "बाई, पाहुणे बसलेत. आजचा दिवस क्षमेचा आहे. जुनं आता उकरू नका."

"उकरायचंच तर राहिलंय, पाळकसाहेब," वेरेदियाना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला. "हे माझ्या किरेझीचे दात आहेत, लावा बोट. कासंडी मांडणीवर होती आणि माझी लेक मांडणीखाली होती. हा म्हणाला, मी घराकडे फिरकलोच नाही. मग ही काय चालत गेली याच्याकडे?"

पाळक म्हणाले, पण तुम्ही तर ह्याला क्षमा केली आहे.

"केलीय. ती मी परत मागत नाही. पण प्रभूशेजारी क्रूसावर चोर टांगला होता ना, ज्याला स्वर्ग मिळाला? तो आधी खरं बोलला होता, पाळकसाहेब. हा अजून बोललेला नाही. आणि खोट्यावर मी दूध पाजणार नाही."

आझारियास दाराकडे वळला. तेव्हा बायकांच्या रांगेतून फेलिसिता उठली. इतकी वर्षे मी तिचा राग राग केला, पण त्या दिवशी ती उठली, हे सांगितलेच पाहिजे.

"सांग आता," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

तो जागच्या जागी खाली बसला आणि त्याने सांगितले. केळीची बाग, खताचा खड्डा, सगळे.

चर्चमधले लोक होते त्या कपड्यांत कुदळी घेऊन निघाले. पाळकांनी कोट काढून कुंपणावर टाकला आणि तेही खणायला लागले. संध्याकाळपूर्वी निळ्या स्वेटरचा तुकडा वर आला. वेरेदियानाने खांद्यावरचे वस्त्र काढून पसरले आणि आपली लेक स्वतःच्या हातांनी त्यात गोळा केली. कुणाला हात लावू दिला नाही. ते दूध चर्चमध्येच नासले, पण त्याचे मला वाईट वाटले नाही.

किरेझीला तिच्या बापाशेजारी माती दिली. आझारियासला पुन्हा तुरुंगात नेले. त्याला सोडा म्हणून वेरेदियानाने रदबदली केली नाही. लोक कुजबुजले, ही कसली क्षमा? ती म्हणे, क्षमा माझी आहे, शिक्षा सरकारची आहे, दोन्हींची खिचडी करू नका. मला तिचे हे बोलणे फार आवडले.

मी माझ्या घरी आले. तिने माझा तडा दोऱ्याने शिवून घेतला, वर डिंक लावला. रोज धुपवले, तरी घेवड्याचा वास जाता जाईना. मी पुन्हा मांडणीवर बसले आणि म्हटले, चला, आता त्या माणसाचे तोंड पाहायला नको.

पण एक दिवस तो सुटून आला. म्हातारा झाला होता. कुंपणाबाहेर येऊन उभा राहिला, आत यायची हिंमत होईना. वेरेदियाना गाय दोहत होती. तिने त्याला पाहिले, दोहणे पुरे केले आणि म्हणाली, "ये आत. बस."

मित्रांनो, तिने माझ्यात दूध ओतले तेव्हा मी ठरवले, की शिवण उसवून फुटायचे. दूध मातीत जाऊ दे, पण ह्याच्या पोटात नको! मला कुणी विचारले होते का? मांडणीवर मी होते. 'काका' ही हाक मी ऐकली होती. चार माणसांत उभे राहून क्षमेची गाणी म्हणणे सोपे असते, ज्यांनी काही ऐकलेले नसते त्यांना.

तिने रीतीप्रमाणे आधी स्वतः घोट घेतला आणि मला पुढे केले. त्याने हात मागे घेतले.

"नको, वहिनी. माझी लायकी नाही."

"लायकी असती तर क्षमा कशाला लागली असती?" ती म्हणाली. "धर."

त्याने मला धरले आणि ओठांशी नेले. तेवढ्यात तिने हात पुढे करून मला त्याच्या हातातच गर्रकन फिरवले.

"इथून नाही," ती म्हणाली. "ही जागा तिची आहे. त्या बाजूनं पी."

तो त्या बाजूने प्यायला. रडत होता, त्यामुळे फार वेळ लागला. शिवण ताणली गेली होती, तरी मी फुटले नाही आणि एक थेंबही गळले नाही. मी त्याला क्षमा केली, असे समजू नका. मी लाकूड आहे, माझा राग माझ्यापाशी आहे. पण दूध तिचे होते आणि लेकही तिची होती.

मित्रांनो, कुणाला क्षमा मागायला जाल तेव्हा त्याच्या घरातून नेलेले आधी परत न्या. दुसऱ्याने क्षमा करावी म्हणून त्याच्या मागे तगादा लावू नका. आणि जुनी भांडी सांभाळा. एखादे हाती आले, तर त्यात काही भरण्याआधी त्याच्या काठावरून एकदा बोट फिरवून पाहा. तिथे कुणाचे तरी दात असतील.