हदगाव–नांदेड, जुन्या रस्त्यानं

हदगाव

"क्लच कुठाय?"

"डाव्या पायाखाली, मामा. ते काळं."

"हे? हे तर शिलाई मशीनचं पायडल वाटून राहिलं."

भगवानरावांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या. अनवाणी पायानं त्यांनी पेडल दाबून बघितलं, खुर्ची मागं सरकवली, पुन्हा पुढं घेतली आणि आरशासाठी मान उजवीकडं वळवली. तिथं आरसा नव्हता. भिंतीवर विनोदचा शर्ट लटकत होता.

"मामा, माझा शर्ट काही ओव्हरटेक करत न्हाई," विनोद पलंगावरून म्हणाला. "घ्या गाडी पुढं."

"आरसा पडद्यातच हाय," महामाया म्हणाली. "वरच्या कोपऱ्यात."

भगवानराव थांबले. पडद्यावर आगाराचं फाटक होतं, लाल बसचं इंजिन घरघरत होतं आणि खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या.

"मग बेल दे की, मास्तर. का अशीच नेऊ गाडी?"

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, बाई असली तरी. विनोदची बायको महामाया वाठोरे हदगाव आगारात कंडक्टर होती आणि आज तिची साप्ताहिक सुट्टी होती. भगवानराव गेल्या वर्षी रिटायर होईपर्यंत तिच्या गाडीचे ड्रायव्हर होते; मामा नुसतं म्हणायला. तिनं कीबोर्डवरचं एक बटण दोनदा दाबलं. टण् टण्. भगवानरावांनी मान डोलावली आणि गियर टाकला.

कॉम्प्युटर घेतला होता बुद्धप्रियाच्या ऑनलाइन शाळेसाठी, लॉकडाऊनमध्ये. पोरगी पुढं लातूरला क्लासला गेली, कॉम्प्युटर मागं राहिला, आणि ड्युटीवरून आल्यावर एका संध्याकाळी महामायानं त्यात बसचा गेम टाकला. मग रॅम वाढली. मग ग्राफिक्स कार्ड आलं. कार्ड तापायचं, म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण कायमचं निघालं आणि घरातला टेबल फॅन त्याच्या तोंडाशी आला. माणसांना उरलेला वारा. स्टिअरिंग आणि पेडल नांदेडच्या एका पोरानं वापरून विकलेले होते. मुलगी फोनवर विचारायची, आई, जेवलीस का गेमच खेळायलीस? आणि आई खोटं बोलायची.

गेममधल्या परदेशी बसला तिनं एसटीचा लाल रंग दिला. सीटवरच्या फाटक्या रेक्झिनचा फोटो काढून तो आतल्या सीटांवर चढवला. काचांचा खडखडाट मोबाइलवर रेकॉर्ड केला, त्यात मागच्या सीटवरची कुणी म्हातारी खोकलेली आली. ती तिनं काढली नाही.

आणि मग रस्ता. चौपदरी झाल्यावर जुना रस्ता कुठं डांबराखाली गेला, कुठं शेजारी पडून राहिला, कुठं शेतात मिसळला. नकाशात आता नवाच दिसतो. तो जुना रस्ता महामायानं कॉम्प्युटरमध्ये पुन्हा घातला. दोन वर्षं, जेवणं उरकल्यावर, भांडी घासायच्या आधी. खऱ्या रस्त्यानं रोज ज्या दोघांनी गाडी नेली त्यातली एक ती. दुसऱ्याकडून तिला एवढंच ऐकायचं होतं की हो, हाच तो.


काफिला

(नेटवर महामायाची लाल बस चालवणाऱ्यांचा ग्रुप. एकमेकांना तोंडानं कुणी ओळखत नाही. आठवड्यातून एकदा सगळे आपापल्या घरून एकाच रस्त्यावर, एकामागं एक गाड्या काढतात. आजची दुपार.)

संगप्पा, देगलूर: ताई, सहाला नक्की का?

महामाया, हदगाव: नक्की.

तनुजा, लातूर: माझे बाबा पण बघणार आहेत. नोकरीला हदगावला होते, दर शनिवारी ह्याच रस्त्यानं यायचे.

संगप्पा: वळणं सगळी टाकली का? का सरळ पट्टी मारली?

महामाया: सगळी. जशीच्या तशी.

संगप्पा: बघतो मग. चुकली तर चहा तुमच्याकडं.


बाभळीचं वळण

"हे बघ, हे हॉटेल!" भगवानराव पडद्याला म्हणाले. "ह्याच्या भज्यात मीठ कधीच नसायचं. आन् हा तर केळीवाला. मास्तर, तू तर समदं गावच कोंबलंस की."

महामाया त्यांच्या खुर्चीमागं उभी होती. हसू दाबायला तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. गाडीनं गाव सोडलं, पूल ओलांडला, बाभळी दिसल्या. भगवानरावांनी न बघताच स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं.

गाडी सोयाबीनमध्ये गेली.

"मामा, रस्ता डावीकडं हाय."

"उजवीकडं हाय."

"डावीकडं. बघा ना, तिथं."

"दिसून राहिला मला. पण तो तिथं नसतो." त्यांनी गाडी मागं घेतली. "असू दे. म्हातारपणी चुकतं माणूस. दे बेल."

पुढच्या वळणावर ते डावीकडं वळले आणि गाडी कापसात उभी राहिली. तिसऱ्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि हात मांडीवर ठेवले.

विनोद पलंगावर उठून बसला.

"रस्ता झ्याक केलास, मास्तर," भगवानराव हळू म्हणाले. "पण हा आपला न्हाई. दुसरा कुठला तरी हाय."

महामायानं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. सहाला काफिला येणार होता. जशीच्या तशी, असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. पण काफिल्याचं काय, त्यातल्या बहुतेकांना कळलंही नसतं. ज्याला कळणार होतं, तो समोर बसून चष्मा पुसत होता.

एवढ्यात टेबल फॅन हळू झाला आणि थांबला. टेबलाखालची बॅटरी पीं पीं करायला लागली.


लाइट गेली

"चारपर्यंत काय येत न्हाई," विनोद म्हणाला. तो वायरिंगची कामं करायचा, ह्या बाबतीत घरात त्याचाच शब्द चालायचा. "बंद कर ते, न्हाईतर बॅटरीबी जाईल."

महामायानं कॉम्प्युटर बंद केला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी आपल्याच स्वयंपाकघरात झाल्यासारखी वाटली.

"एक सांग मला," भगवानराव म्हणाले. "तू ही वळणं कशावरून घातली?"

"कशावरून म्हणजे? आठवणीवरून."

"पर तुला रस्ता दिसायचाच कुठं? गाडी अशी भरायची, की मला मागं तुझी नुसती बेल ऐकू यायची."

"रस्ता न्हाई दिसायचा. माणसं दिसायची ना. गाडी वळली की समदी उभी माणसं एका अंगाला झुकतात. बाभळीच्या वळणावर माझ्या उजव्या हाताला झुकायची. कॉलेजची पोरं तर मुद्दाम. माणसं उजवीकडं गेली म्हणजे गाडी डावीकडं वळली. बरोबर का न्हाई?"

"बरोबर हाय." भगवानरावांनी चष्मा चढवला. "आन् तिकिटं देताना तुझं तोंड कुणीकडं असायचं?"

महामायानं आपले दोन्ही हात वर करून बघितले, आधी उजवा, मग डावा. मग ती स्टुलावर बसल्या बसल्या मागं वळली. हात तिच्याबरोबर फिरले.

सगळ्यात आधी विनोद हसला. "बनियन उलटं घालावं तसा रस्ता घातलाय बाईनं. तोही दोन वर्षं लावून."

मग भगवानराव हसले, आवाज न करता, खांदे हलवत. मग महामायालाही आवरेना. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला कळेना की त्यातलं हसण्याचं किती आहे.

"मोठी वळणं जुन्या नकाशावरून घेतली होती मी," ती म्हणाली. "ती नीट असतील. बारकी तेवढी समदी उलटी. तोंड मागं होतं माझं, माझा उजवा तो गाडीचा डावा."

"मग उठ की," भगवानराव म्हणाले. "लाइट गेली म्हणून गाडी थांबती काय?"

त्यांनी खुर्ची दाराकडं तोंड करून ठेवली आणि स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट मागवून घेतलं. ताट दोन्ही हातांत धरून बसले. महामायानं बुद्धप्रियाच्या जुन्या दप्तरातून खडू काढला. खुर्चीच्या मागं, ड्रायव्हरला पाठ देऊन, ती उभी राहिली. तिच्यासमोर प्रवासी म्हणून विनोद.

"मी एकटाच?"

"तुम्ही चाळीस."

"मग चाळिसांचा चहा टाक."

"गाडी सुटली," भगवानराव म्हणाले. "बोल, मास्तर. पूल झाला."

"पूल झाला. बाभळी. पोरं ह्या हाताला." तिनं उजवा हात झटकला, विनोद त्या बाजूला आडवा झाला, मागं ताट उजवीकडं फिरलं. महामायानं मान वळवून ताट बघितलं आणि फरशीवर खडूनं रेघ ओढली. "पुढं शाळेचा थांबा. तिथून निघालं की बायकांच्या टोपल्या ह्या अंगाला सरकायच्या."

"खरंय. लगेच दुसरं वळण. ते विसरलीस का?"

"त्यात कोण झुकायचं न्हाई."

"कारण म्या हळू घ्यायचो. तिथं नेहमी शेरडं असायची."

रेघ पलंगाखालून गेली, दारापर्यंत आली, तिथून वळून पुन्हा आत. विनोद दोनदा खरोखर भिंतीवर आपटला. एकदा त्यानं सुट्टे मागितले आणि महामाया सवयीनं म्हणाली, "पुढं उतरताना घ्या." तिघंही तिथंच थांबून हसले.


वारंगा फाटा

लाइट आली तेव्हा फरशीवर रस्ता तयार होता. महामाया तो बघून एकेक वळण उचलत होती आणि पलटत होती. माऊसवरचा हात थांबत नव्हता. भगवानराव शेजारी बसून चहात पाव बुडवत सांगत होते: एवढं नको, थोडं पसरट घे, हां, आता सोड. एका जागी त्यांनी उतार मागितला. तिनं उतार दिला.

सहा वाजत आले. ग्रुपवर गाड्या लागायला लागल्या होत्या. शेवटची दोन वळणं घाईत झाली, चालवून बघायला वेळच मिळाला नाही.

"तू बस आता," भगवानराव खुर्चीवरून उठत म्हणाले.

"तुम्हीच बसा. पुढची गाडी तुमची."

"पोरं हसतील."

"पोरांना काय दिसायलं? त्यांना फक्त लाल बस दिसती."

ते बसले. पेडलवर पाय ठेवण्याआधी त्यांनी वाकून पेडलला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला, रोज गाडीत चढताना नेत तसा.

टण् टण्.


अर्धापूर

संगप्पा: पुढची गाडी कोण चालवतंय? ताई, तुम्ही असं वळवत नाही.

महामाया: आमचे ड्रायव्हर.

संगप्पा: खरेखुरे?

महामाया: खरेखुरे.

संगप्पा: मग मी आपला मागं मागंच राहतो.

तनुजा: ताई, आता जे वळण गेलं, शाळेच्या पुढचं. बाबा खुर्चीवरून उठले. म्हणतात, हेच. इथंच त्यांना दर शनिवारी उलटी व्हायची.

महामायानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. विनोदनं टाळी वाजवली. भगवानरावांनी नजर रस्त्यावरून काढली नाही, पण मिशीखाली काहीतरी हललं.

"मग?" महामायानं विचारलं.

"काय मग?"

"हाच का तो?"

"गाडी चालवताना ड्रायव्हरशी बोलू नये," ते म्हणाले. "तूच आत पाटी लावलीस की. वाच."

डावीकडं केळीच्या बागा सुरू झाल्या. मागं लाल गाड्यांची लांबच लांब ओळ होती, प्रत्येकीत तीच म्हातारी खोकत होती. वळणं येत गेली आणि भगवानराव न बघता वळवत गेले आणि रस्ता प्रत्येक वेळी तिथंच होता.


इथं थांबा नाही

अर्धापूर सुटल्यावर थोडं पुढं एक कडुलिंब होता. भगवानरावांनी गाडी हळू केली, डावीकडचा दिवा लावला आणि लिंबाखाली आणून उभी केली.

"मामा, इथं थांबा न्हाई."

"म्हाईत हाय."

इंजिन चालू होतं. त्यांचा हात गियरवर होता आणि नजर डावीकडं, कापसात. महामायानं पण तिकडं बघितलं. कापसात काहीच नव्हतं. पायवाटसुद्धा तिनं काढली नव्हती. तिकीट यंत्रात ह्या जागेला नावच नव्हतं.

मग तिला रुक्मिणबाई आठवली. शेतातून दुधाची किटली घेऊन यायची, रोज उशिरा. लांबूनच हात वर करायची आणि पळायची, किटली एका अंगाला, पदर दुसऱ्या. गाडीतली माणसं कुरकुरायची. महामाया तोंड फिरवून उगाच सुट्टे मोजत बसायची आणि भगवानराव ती चढेपर्यंत गाडी हलवायचे नाहीत. चौपदरी आल्यावर तिनं म्हशी विकल्या आणि मुलाकडं उमरीला गेली.

संगप्पा: ताई, का थांबलात? लाइट गेली का?

तनुजा: मागं सगळ्यांची लाइन लागली.

महामायानं भगवानरावांकडं बघितलं. ते कापसाकडंच बघत होते, घाई नसलेल्या माणसासारखे.

तिनं लिहिलं: पॅसेंजर येऊन राहिलाय.

मग मागच्या गाडीनं ब्रेक लावल्याचा फुस्स आवाज आला, मग तिच्या मागच्या गाडीचा, मग तिच्याही मागच्या गाडीचा. एकेक करत सगळा काफिला रस्त्याच्या कडेला उभा राहिला. हॉर्न कुणी वाजवला नाही.

महामायानं भगवानरावांच्या खांद्यावरून हात पुढं नेला आणि दार उघडायचं बटण दाबलं.