गोदूकाकूंची संमती

दिपे, मधे मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. पडद्यावर गोदूकाकू, भिंतीएवढ्या मोठ्या, आणि फाडफाड इंग्रजी बोलतायत! आणि खऱ्या गोदूकाकू खाली पहिल्या रांगेत, मोरपंखी इरकल नेसून, आ वासून स्वतःकडेच बघतायत. आवाज त्यांचाच गं. आपण लहानपणी त्यांच्या वाडीत पाण्याचे पाट तुडवायचो तेव्हा ओरडायच्या ना, तोच घोगरा आवाज. फक्त इंग्रजीत.

थांब, नीट सांगते. शनिवारी आपल्या दिवेआगरच्या त्या नव्या रिसॉर्टवर मोठी कॉन्फरन्स होती. एआयची नीतिमत्ता आणि ऊर्जेचा कायदा. आमच्या इव्हेंटवाल्यांनीच घेतलेली, म्हणजे माझ्या त्या ऋत्विक सरांनी. देशभरातले वकील, प्रोफेसर. माझं काम काय, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी माईक घेऊन पळायचं. सकाळी एक बाई बोलल्या, मुख्य वक्त्या. पृथ्वी कशी तापलीय, वीज कशी जपून वापरावी. आणि बोलायच्या आधी मला काय सांगितलं? ‘एसी अजून गार कर, माझा मेकअप उतरतोय.’ बाहेर डिझेलचा जनरेटर धडधडतोय, त्याच्या धुरात मागच्या बाजूला आपल्या आळीतल्या बायका मोदकांसाठी नारळ खवतायत. शी!

मग दुसरे वक्ते. डॉक्टर सुश्रुत. विषय काय, तर ‘संमती’.

हे डॉक्टर मागच्या महिन्यात कॅमेरा घेऊन, लाईनबद्दल काकूंचं म्हणणं टिपायला, त्यांच्या वाडीत येऊन गेले होते. काकूंनी तेव्हाच सगळ्या आळीला सांगितलं होतं. पलीकडे ते डेटा सेंटर होतंय ना, त्याची विजेची मोठी लाईन काकूंच्या वाडीतून न्यायचीय. तारांखाली उंच झाड ठेवत नाहीत, म्हणजे काकूंच्या सुपारीच्या पोफळी गेल्या. वादळात काकूंची सगळी बाग आडवी झाली होती, आठवतंय? काका नव्हतेच तेव्हा. त्यानंतर एकटीनं पाणी घालून वाढवलेल्या पोफळींना यंदा पहिल्यांदा पोय आलीय, फुलोरा धरलाय. तर काकूंनी त्या डॉक्टरांना घावन घातले, कोकम सरबत दिलं आणि कॅमेऱ्यासमोर ठणकावून सांगितलं, ‘टॉवर घालू देणार नाही.’ आणि निघताना रीतीप्रमाणे हातात नारळ ठेवला. वाडीतनं कोणाला रिकाम्या हातानं पाठवतो का आपण? शत्रू आला तरी नारळ देतो.

आता पडद्यावर काय होतं सांगू? घावन नाही, नकार नाही. फक्त काकू हसत नारळ देतायत, आणि तो एआयनं बनवलेला आवाज इंग्रजीत म्हणतोय, ‘ही जमीन मी आनंदानं देशाच्या विजेसाठी देते आहे.’

आणि मग तो माणूस, दिपे, छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘यंत्रानं माणसाच्या तोंडी त्याचं नसलेलं वाक्य घालणं हा गुन्हा आहे.’ टाळ्या! लाईनवाल्या कंपनीचे साहेब काकूंच्या शेजारीच, तेही वाजवतायत. सोमवारी, म्हणजे उद्या, त्या लाईनवरच्या हरकतींची सुनावणी. साहेब मला म्हणाले, ‘ही क्लिप पेन ड्राइव्हवर द्या हं, सोमवारी दाखवायचीय.’ मला त्यांच्या बुटांवर ओकावंसं वाटलं.

तेवढ्यात माझी ओढणी ओढली कोणीतरी. काकू.

‘रुचे, काय बोलत्ये गं मी तिथं?’

मी सांगितलं. कानात, हळू, सगळं. काकूंनी नारळाच्या चित्राकडे एकदा बघितलं.

‘नारळ दिला म्हणून वाडी दिली?’

‘तसंच दाखवलंय, काकू.’

‘मेल्यानं माझे घावन खाल्लेन्.’ मग पदर खोचला. ‘तो माईक दे इकडं.’

लांब साऊंडच्या टेबलावरून ऋत्विक सर मला गळ्यावरून बोट फिरवून दाखवतायत, देऊ नको, देऊ नको. मी दिला. नोकरी जाऊ दे म्हटलं खड्ड्यात.

काकू उभ्या राहिल्या. गावातर्फे स्वागताचे दोन शब्द बोलायला त्यांना बोलावलं होतं, ते राहूनच गेलं, पण सकाळी मीच शिकवलं होतं, ओठांजवळ धरायचा, हळू बोलायचं, ओरडायचं नाही. अगदी तस्संच बोलल्या. ‘मी गोदावरी. पडद्यावर आहे ती मी नव्हे. मी नाही म्हटलं होतं, आजही नाहीच म्हणत्ये. पाहुणा म्हणून नारळ दिला, तो खा. वाडी मागू नका. माझ्या झाडांनी आत्ता कुठं डोळे उघडलेत.’

दिपे, एक शब्द स्पीकरमधून आला नाही. ऋत्विक सरांनी माईक तिकडून बंद केला होता. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. बाकी नुसता एसी आणि जनरेटर. आणि लोक हसून बघतायत, कित्ती गोड आजी म्हणून! काकूंनी शेवटी हात जोडले तर अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला. तो सुश्रुत स्टेजवरून धावत खाली आला, काकूंचा हात धरला, फोटो काढला, ‘थँक यू माँजी, ब्यूटिफुल.’ कंपनीच्या साहेबांनी तर वाकून नमस्कार केला.

काकूंनी हात सोडवून घेतला, पदराला पुसला.

‘बघितलंस? तोंडावर एवढं सुनावलं तरी हसतोय मेला. निर्लज्ज!’

काकूंच्या कपाळावर घाम, आणि चेहरा असा फुललेला की मी त्यांना तसं कधी बघितलंच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माईकवर बोलल्या गं त्या. माईक माझ्या हातात दिला, चष्मा नीट केला.

‘झालं बाई एकदाचं. आता सोमवारी सुनावणीला तिथवर कशाला तंगडतोड करू? एवढ्या वकिलांसमोर सांगून झालंय.’ आणि मग माझं मनगट धरून, अगदी लहान मुलीसारखं, ‘ऐकलं ना गं सगळ्यांनी? नीट बोलल्ये ना मी?’

सांग आता. त्या तशा बघतायत तुझ्याकडे, मागे अजून टाळ्या चाललेल्या. तू काय केलं असतंस?