समईच्या उजेडापुरता कॅमेरा

जांभळाईची खोळ सुटत आलीय, हे आधी मलाच कळलं. मंगळवारी शेंदूर लावताना आईच्या उजव्या खांद्याशी केसाएवढी चीर दिसली. डोंगरकड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि या देवीची पूजा आमच्या गुरवाच्या घराकडे. दर मंगळवारी तेलात कालवलेला शेंदूर चढत राहतो, थरावर थर बसतो. तीस-पस्तीस वर्षांनी ती जाड खोळ आपणहून मूर्तीला सोडते. मग पंचमंडळी तिथी काढतात. सकाळी खोळ उतरवायची, अभिषेक करायचा, आणि दुपारच्या आत नवा शेंदूर. आईचा खरा चेहरा दिसतो तो तेवढ्या मधल्या वेळात.

मागची खोळ उतरली तेव्हा मी या घरात यायची होते. माझी मोठी जाऊ गंगूताई होती, पण ती नेमकी त्या दिवशी बाजूला बसलेली. गोठ्यापाशी बसून तिने घंटेचा आवाज ऐकला, एवढंच. पुढे सारी वर्षं आम्ही दोघींनी मिळून शेंदूर कालवला. आता दिवाळीपासून ती खुब्याचं हाड मोडून खाटेवर आहे. कूस बदलायलाही दोघी लागतात.

"माझ्या वाट्याला शेंदूरच," ती हसत म्हणाली. "तू बघ आन् मला सांग, नाक कसं हाय ते."

नाक कसं आहे हे सांगून दाखवायची गोष्ट नव्हे. आईचा फोटो काढू द्या म्हणून मी पंचांकडे गेले. आरतीत एकाचा मोबाईल लावणीच्या चालीवर वाजला, तेव्हापासून गाभाऱ्यात मोबाईल बंद आहे. ते म्हणाले, "एक कॅमेरा चालंल. पण उघड्या मूर्तीवर विजेचा उजेड पडू द्यायचा न्हाई. बल्ब बी बंद. समई तेवढी." हा नेम जुनाच आहे. मी हो म्हणून आले.

पहिल्या बसने मी आणि माझी सून कोमल वसमतला गेलो. सकाळी उठल्यापासून बारा वाजेपर्यंत माझं मौन असतं, रोजचंच. लिहूनही मी काही सांगत नाही. ते मागच्या दाराने बोलण्यासारखं वाटतं. प्रवास असला की पूजेचा डबा सोबत घेते. त्यात पितळी अन्नपूर्णा, निरांजन, वाती, काडेपेटी.

मोहनसिंगांचा फोटो स्टुडिओ बसस्टँडच्या मागे आहे. आमच्या घरचं लग्न त्यांनीच काढलेलं. कोमलने त्यांना सगळं सांगितलं. मोहनसिंगांनी काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक नवा, साबणाच्या वडीएवढा, खोक्यातला. दुसरा त्यांचा स्वतःचा, काळा, वजनदार, कोपऱ्यावर रंग उडालेला, पुढे हे एवढं भिंग. किंमत दोघांची जवळपास सारखीच.

"बाई, बराबर सांगतो," मोहनसिंग म्हणाले, "नवा घ्या. बटन दाबलं की झालं. ह्या जुन्याला शिकावं लागतंय. आठ वर्षं लगनं काढलीत मी त्याच्यावर."

"ऐकलं का आत्या," कोमल मला म्हणाली. "आठ वर्षं लग्नाच्या पंगती हिंडलेला कॅमेरा. कुणाकुणाच्या रश्श्याचे हात लागले असतील. तो तुमच्या सोवळ्यात चालंल का? आन् पट्टा बघा, चामड्याचा. नव्याला गॅरंटी हाय, पर्समंदी मावतोय."

मी काही बोलले नाही, बोलणारही नव्हते.

"आत्याला पसंत हाय," कोमलने जाहीर केलं. "न्हाई तर हात हलवला असता. बांधा, भैया."

मोहनसिंगांनी पिशवी काढली. मी खोक्यावर तळहात ठेवला.

"काहून?" कोमल म्हणाली. "रंग दुसरा पायजे का?"

दुकानाच्या मागे पासपोर्ट फोटो काढायची खोली होती. मी दोन्ही कॅमेरे उचलले आणि आत गेले. दोघं माझ्यामागून आले. मी दिव्याचं बटण बंद केलं, दाराचा पडदा ओढला. स्टुलावर अन्नपूर्णा बसवली, निरांजन लावलं, आणि मोहनसिंगांकडे पाहिलं.

त्यांनी बंद दिव्याकडे आणि वातीकडे पाहिलं. मग म्हणाले, "समजलं."

नव्याने आधी खोलीभर लखकन उजेड पाडला. मी नकारार्थी मान हलवली. उजेड बंद करून त्यांनी पुन्हा काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर राख पसरल्यासारखं करडं काहीतरी दिसलं. वात दिसत होती. अन्नपूर्णेच्या जागी पिवळा ठिपका होता.

"हात हलला असंल," कोमल म्हणाली.

त्यांनी हात टेकवून आणखी दोन काढले. राख तशीच.

मग जुना. मोहनसिंगांनी तो स्टुलाच्या कडेला टेकवला, एक चाकी फिरवली, श्वास धरला. खट्कन आवाज झाला. पडद्यावर माझी अन्नपूर्णा होती. तिच्या पळीची दांडी, आणि रोज पुसून पुसून झिजलेला डावा गाल. तो झिजलाय हे मला बोटाला माहीत होतं, डोळ्याला तेव्हा कळलं.

"भिंग मोठं हाय ना," मोहनसिंग हळू म्हणाले, "थोडाबी उजेड पितंय."

कोमल बराच वेळ पाहत राहिली. "अन् पंगतीचं काय?"

माझी निवड झाली होती. देवळातली घंटाही आधी कुणा ओताऱ्याच्या हातांतूनच आली असेल, कुणाकुणाचे हात लागले ते देवाने तिला कधी विचारलं नाही. मी पट्ट्याच्या कड्यांकडे बोट दाखवलं. मोहनसिंगांनी चामड्याचा पट्टा सोडवून खिशात टाकला आणि म्हणाले, "बारा वाजेस्तोर बसा. मग शिकवतो. तुमाला प्रश्न इचारता आले पायजेत."

बारानंतर मी इतके प्रश्न विचारले की त्यांनी दोनदा चहा मागवला.

घरी येऊन मी जुन्या सुती लुगड्याच्या काठाचा पट्टा शिवला. दहा दिवस रोज संध्याकाळी देवघरात समईच्या उजेडात कॅमेऱ्यावर हात बसवला. हातात धरला की चित्र हलायचं. मग तांदळाची छोटी पिशवी केली आणि चौरंगावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवला. तांदूळ त्याला बाळासारखं धरून राहतात.

तिथीच्या दिवशी खोळ दोन तुकड्यांत उतरली. अभिषेक झाला. दगड काळा, ओला, समईसमोर उजळलेला. मी आधी नमस्कार केला, मग पाहिलं, मग श्वास धरून बटण दाबलं. सात काढले. कुठेही घाई केली नाही. शेंदराची वाटी आली तशी मागे सरले.

घरी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून गंगूताईला कळलंच.

"कोमल, पाणी आण. हात धुवू दे मला आधी."

तिने पडल्या पडल्या हात धुतले, पदर डोक्यावर घेतला. मी कॅमेरा तिच्या छातीवर उशी ठेवून टेकवला आणि पडदा उजळला. मोहनसिंगांनी शिकवलं होतं तसं चित्र मोठं केलं. डोळे, कपाळ, हनुवटीवरचा टवका.

गंगूताईची नजर नाकावर येऊन थांबली.

"अगं, बसकं हाय," ती म्हणाली. "माझ्यासारखंच."

कोमल हसली. गंगूताई हसली नाही. ती बोटाने पडद्याच्या जरा वरून ते नाक चाचपत होती, काचेला न लावता.

"तुझं मौन हाय, बरंय," ती मला म्हणाली. "न्हाई तर म्हणली असतीस, दे आता हिकडं. तू डोळ्यानं पाहिलीस. राहू दे माझ्यापाशी."

स्वयंपाकघरातल्या घड्याळात बाराचे ठोके पडले. मला बोलायला मोकळीक झाली होती. मी खाटेच्या कडेला बसून राहिले. तिचं पाहून व्हायचं होतं.