हुडीच्या खिशातलं यंत्र

कपडे मशिनमध्ये टाकण्याआधी खिसे चाचपायचे, हा शरयूबाईंचा जुना नियम. नागपूरला या नियमापायी चिल्लर आणि बसची तिकिटं सापडायची. अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे येऊन तीन आठवडे झाले, पण चुरगळलेल्या टिश्यू पेपरपलीकडे काही हाती लागलं नव्हतं. शुक्रवारी मात्र राखाडी हुडीच्या खिशातून बोटभर लांबीची जड धातूची नळी निघाली. वरच्या टोकाला इवलीशी काचेची टाकी, तिच्यात काकवीसारखं काळपट काहीतरी, आणि वास म्हणाल तर पिकल्या आंब्याचा.

दुसरी एखादी बाई घाबरून नळी होती तिथे ठेवून देती. शरयूबाईंनी तीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून काढली होती. त्यांना पहिला प्रश्न पडला, हे उघडतं कुठून?

टॅब्लेटवर फोटो काढून शोधलं तर उत्तर लगेच आलं. ई-सिगरेट. तेव्हा मात्र त्या मटकन खुर्चीत बसल्या.

त्यांचे यजमान रवींद्र सहा वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या आजारानेच गेले होते. सिगरेटवरून शरयूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, पाकिटं कचऱ्यात फेकली, अबोला धरला. त्या जितक्या ओरडल्या तितके ते लपवत गेले, आणि शेवटी डॉक्टरांकडूनच सगळं कळलं. आता मुलगा निमिषही बापाच्या वाटेने निघाला होता. हुडी निमिषची, म्हणजे यंत्र निमिषचं. यात पुन्हा तपासण्यासारखं काही आहे असं या एवढ्या चौकस बाईला वाटलंच नाही.

या वेळी ओरडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आधी हे प्रकरण नीट समजून घ्यायचं, मग पोराशी बोलायचं.

मुलगा आणि सून दोघंही ऑफिसला. टॅब्लेटवर लावलेल्या व्हिडिओमधला दाढीवाला पोरगा सांगत होता त्याप्रमाणे त्यांनी आधी बॅटरीचा भाग वेगळा काढून लांब ठेवला. मग झाकण फिरवलं, काच सुटली, दोन रबरी रिंगा निघाल्या, आणि तळाशी ती दिसली: दोन बारीक स्क्रूंमध्ये अडकवलेली तारेची स्प्रिंग. हीटरची कॉइलच, फक्त मुंगीला अंघोळीचं पाणी तापवण्याएवढी. आणि तिच्या पोटातून आरपार ओवलेला कापूस, जळून कोळसा झालेला.

"अरे, ही तर वात आहे!" शरयूबाई रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या.

खरंच वात होती. निरांजनातली वात तेल वर ओढते तशी ही टाकीतला रस ओढून कॉइलपर्यंत नेत होती. केशाकर्षण! किती बॅचेसना त्यांनी हे बारीक काचनळ्या मांडून दाखवलं होतं. दुःख बाजूला राहिलं आणि बाईंना चक्क मजा वाटू लागली. जळका कापूस चिमट्याने ओढून काढला. धातूचे आणि काचेचे भाग साबणाच्या कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासले, कीबोर्ड पुसायच्या अल्कोहोलमधून काढले आणि चहाच्या गाळणीत घालून खिडकीत वाळवले. देवापुढच्या डब्यातला नागपूरहून आणलेला कापूस घेऊन वात वळली. पहिली नेहमीच्या हाताने घट्ट वळली गेली; ती कॉइलमध्ये शिरेचना. दुसरी सैल वळली, ती जराशी अडत आत गेली. ओढायचंच असेल तर निदान जळका धूर तरी नको, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं तर बिघडलेली वस्तू तशीच सोडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

संध्याकाळी सून राधिका सोफ्याच्या गाद्या उपसत होती. "इअरबड हरवलाय, आई," ती म्हणाली. शरयूबाईंनी टॉर्च घेऊन तिला शोधायला मदतसुद्धा केली.

शनिवारी सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी त्यांनी ते चकचकीत यंत्र ठेवलं. "घे बाबा. कॉइल जाम झाली होती, साफ केली. रागावत नाही मी. फक्त लपवू नको."

"हे काय आहे?" निमिषने विचारलं. त्याचा चेहरा अगदी कोरा होता.

"माझं आहे ते," राधिका म्हणाली. "त्या दिवशी तुझी हुडी घालून मी वॉकला गेले होते."

"तू सोडलं होतंस, राधिका. You promised, यार. दोन वर्षं झाली!"

"सिगरेट सोडली. हेही कमी करतेय. सांगणार होते."

निमिष गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला. पोहे तसेच राहिले.

"आई," राधिका हळूच म्हणाली, "माझं आहे म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटलं. मी पाहिलं."

वाटलं होतं. निमिषचं नाही म्हणताच छातीवरची धोंड उतरावी तसं हायसं वाटलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण शरयूबाईंनी आयुष्यभर शेजारणींना लावली होती. हिलाही फुप्फुसं दोनच आहेत, हीसुद्धा कुणाची तरी पोर आहे, हे त्यांना त्या क्षणी सुचलंही नव्हतं. शरमेने त्यांचे कान तापले.

"वाटलं," त्या म्हणाल्या. "खोटं नाही बोलत. अन् आता त्याची लाज वाटून राहिली मला."

राधिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने यंत्र उचललं आणि मुठीत दाबून धरलं.

शरयूबाईंनी कॉइलची चौकशी केली होती, कापसाची केली होती, स्क्रूंची केली होती. रवींद्ररावांना मात्र पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी एक साधा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्या खुर्ची ओढून सुनेच्या शेजारी बसल्या.

"राधिका, ओढल्यावर नेमकं काय वाटतं गं? ओरडायला विचारत नाही. मला खरंच माहीत नाही."

राधिकाने आधी संशयाने पाहिलं. मग अडखळत सांगायला लागली, सकाळी नऊच्या कॉलआधी छातीत काय आवळतं ते, आणि या देशात आल्यापासून ते कुणालाच कसं सांगता आलं नाही ते. चहा गार झाला. शरयूबाई मध्ये एकदाच बोलल्या.

"मग? पुढे?"