इंग्रजांच्या काळातला ऊस

२००३ सालच्या हंगामात कारखान्याच्या शेतकी ऑफिसातला कॉम्प्युटर तोडणीची यादी काढता काढता अडला आणि पडद्यावर ओव्हरफ्लोची चूक झळकली. ज्याचा ऊस आधी लावलेला, त्याची तोड आधी, असा यादीचा नियम. यादी निघाली नाही तर पाळ्या पुन्हा हाताने लिहिल्या जाणार, आणि तसं झालं की खुटबावच्या चांगुणाचा नंबर कधी लागायचा नाही, हे तिचा भाचा महेंद्र चांगलं ओळखून होता. तिच्या उसाला तुरे आले होते, तोड लांबली की वजन घटणार. कॉम्प्युटर महेंद्रच्याच हाताखाली होता.

धास्ती होतीच, पण त्याहून कुतूहल जास्त. काल चालणारी गोष्ट आज का अडावी? त्याने यादीचे दोन भाग केले. एक सुरळीत चालला, दुसरा अडला. अडलेल्याचे पुन्हा दोन. ज्वारीतला खडा शोधावा तसा तो एका नावावर येऊन थांबला: संचालक मारुतराव. लागणीची तारीख वाचली आणि त्याला हसू आवरेना. ऊस इंग्रजांच्या राज्यात लावलेला होता.

यादी काढणारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्या पुण्याच्या माणसाने उसाचं वय सेकंदांत मोजलं होतं. अडुसष्ट वर्षांपुढचे सेकंद कॉम्प्युटरच्या आकड्यात मावत नव्हते, तोच ओव्हरफ्लो. त्याचं तरी काय चुकलं? एवढा म्हातारा ऊस त्याने कुठे पाहिला असणार.

पण तारीख इतकी मागे गेली कशी? महेंद्रने नोंदी घेणाऱ्या दत्ताला गाठलं.

"मारुतआबा म्हणायचं, हौसरावाच्या आधीची तारीख लाव. हौसराव म्हणायचं, आबाच्या आधी," दत्ता खाली बघत म्हणाला. हौसराव म्हणजे दुसरे संचालक. "मला कुणालाच न्हाई म्हणता येईना. मग सारत गेलो मागं."

यादीत नुसता नंबर छापला जायचा, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता.

महेंद्रने वय दिवसांत मोजायला लावलं. यादी निघाली. मारुतराव पहिले, हौसराव दुसरे, आत्या त्यांच्या मागे तिसरी. नोंद बदलायचा अधिकार त्याला नव्हता. मग त्याने प्रत्येक नावापुढे लागणीची तारीखही छापली आणि यादी गेटवर लावली.

दुपारपर्यंत तिथे ही गर्दी. चांगुणानेही यादी वाचली आणि समोरच उभ्या मारुतरावांना विचारलं, "आबा, माझ्या बापाच्या लग्नाआधीचा ऊस हाय की तुमचा. अजून गोड हाय का?"

हशा पिकला. मारुतराव तडक ऑफिसात आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"खरी तारीख घाल," ते महेंद्रकडे न बघता म्हणाले. "पर आधी हौसरावाची दुरुस्त कर."

महेंद्रने त्यांच्या समोरच दोन्ही केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीची टोळी खुटबावला आत्याच्या फडात उतरली.